अर्ध्या नदीची परवानगी

चामोर्शीत ज्याच्या घरी म्हशी असतात त्याला लोक म्हशीवाला म्हणतात आणि ज्याच्या घरी पिठाची चक्की असते त्याला चक्कीवाला. आमच्या घरी मोटारनाव होती, पण आम्हाला कुणी नाववाले म्हटलं नाही. "बापूरावकडची ते वस्तू" असं खालच्या आवाजात म्हणत, जसं एखाद्याच्या गळ्यावर आलेल्या गाठीबद्दल बोलतात.

बाबा, म्हणजे बापूराव, कचेरीतून निवृत्त झाले आणि एका लिलावातून ही नाव घेऊन घरी आले. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. बऱ्या घरांत काही गोष्टी झाकून ठेवायच्या असतात. नाव लाकडी होती, तिच्यात कुठल्याशा जीपचं पेट्रोलवर चालणारं इंजिन बसवलेलं होतं, आणि ती वैनगंगेच्या घाटावर बाभळीला साखळीनं बांधलेली असे. कुत्र्याला बांधतात तशी. बाबा सायकलवरून तिला बघायला जात, तिच्याभोवती एक चक्कर मारत आणि परत येत. ती चालावी असा आग्रह त्यांचाही नव्हता.

त्या वर्षी भादव्यात पूर आला आणि नाव चालण्याची गरज पडली. ही आमच्या घरावर आलेली पहिलीच अशी वेळ.

झालं असं की पुराच्या दिवसांत आमच्याकडचं टपाल गळ्यानं चालतं. पलीकडच्या काठावरचा माणूस हाक मारतो, अलीकडचा ऐकतो आणि निरोप घरी पोचवतो. वारलू ढीवर, घाटावर लहान डोंगा चालवणारा नावाडी, भिजलेला दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "कमळाबाई, पलीकडून हाक आली. रुखमाबाई लय बिमार हाये म्हनते. तुमाले बलावून राह्यली."

आई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. सूप पाखडून संपवलं, खडे दारात टाकले आणि मग म्हणाली, "मी जातो."

आमच्याकडं बायाही 'जातो'च म्हणतात, त्यात नवल नव्हतं. पण हे वाक्य ऐकून बाबांनी चष्मा काढला. कारण रुखमामावशी आईची सख्खी मोठी बहीण, माहेरचं उरलेलं एकच माणूस, आणि दोघी बोलत नव्हत्या. मी हाफपँटमध्ये असतानाची गोष्ट. मावशीच्या मुलीच्या लग्नात सगळ्या सवाष्णींच्या ओट्या भरल्या गेल्या आणि आईची राहिली. आई तेव्हा मावशीच्याच चुलीपाशी पुऱ्या तळत होती. मावशीला वाटलं, हिची भरून झाली. आईला वाटलं, मुद्दाम. सुपातले तांदूळ संपले होते एवढीच खरी गोष्ट. तेव्हापासून नदीच्या या काठाला एक बहीण गप्प आणि त्या काठाला दुसरी. आई म्हणायची, "ती मोठी हाये. तिनं आधी भरावं." मावशी तिकडं काय म्हणायची ते कळलं नाही, कारण असले निरोप कुणी ओरडून सांगत नाही.

"तुया डोंग्यानं ने," बाबा वारलूला म्हणाले.

"या पान्यात डोंगा टाकला भाऊ, तं वाहत वाहत सिरोंच्यालेच भेटू," वारलू म्हणाला. "मोटार हाये ना तुमची. म्या वल्हं घेऊन येतो संगं."

"मोटार असताना वल्हं कशाला?"

वारलूनं बाबांकडं बघितलं, दवाखान्यात बघतात तसं.

रस्त्यानं जावं तर वाटेतल्या नाल्यावरचा पूल वाहून गेला होता. म्हणून नाव. म्हणून आम्ही घाटावर गेलो, बाबांनी किल्ली फिरवली, इंजिन घरघरलं, घरघरलं, आणि त्यानं धरलं नाही. इंजिनापर्यंत पेट्रोलच पोचत नव्हतं.

आता इथं मला माझ्या शिक्षणाबद्दल सांगितलं पाहिजे. मी बी.एस्सी.ला फिजिक्समध्ये दोनदा नापास झालो होतो. त्यामुळे वीज आणि यंत्रं या विषयांचा सर्वांत जास्त अभ्यास घरात माझाच होता आणि बाबांनी "श्रीहरी, बघ जरा" असं म्हणून टॉर्च माझ्या हातात दिला. मी बघितलं. इंजिन जागेवर होतं. एवढं मी खात्रीनं सांगू शकलो.

मग श्रावणला बोलावलं. श्रावण बाजारात रेडिओ दुरुस्त करतो. त्याच्या दुकानात गेलेला रेडिओ पुन्हा विविधभारती लावत नाही, पण त्यातून कुठल्यातरी परमुलखातली बातमी ऐकू येते. त्यानं इंजिनाच्या बाजूचा पंप खोलला आणि आतला फाटका पडदा बोटावर धरून दाखवला. "पंपाचा पडदा गेला, बापूरावजी. हा नागपूरशिवाय भेटत नाई. अन् नागपूरचा रस्ता बंद."

"मग?"

"मग इलेक्ट्रिकचा बसवू. बॅटरीवर चालते. टकटक करते अन् पेट्रोल वढते. डॉक्टरसाहेबाच्या जुन्या मोटारीत हाये एक."

डॉक्टरांची मोटार त्यांच्या परसात होती आणि तिच्यात कोंबड्या राहत. डॉक्टर उदार होते. म्हणाले, कोंबड्यांची हरकत नसेल तर न्या. एक कोंबडी शेवटपर्यंत उठली नाही. तिच्या खाली हात घालून श्रावणनं पंप सोडवला, तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं. श्रावणकडं नाही, माझ्याकडं. फिजिक्स नापास झालेल्याला लोक असंच बघतात, पण कोंबडीकडून ती अपेक्षा नव्हती.

नावेची बॅटरी किल्ली फिरवण्यातच संपली होती, म्हणून दुसरी गणेश मंडळाच्या लाउडस्पीकरवाल्याकडून आणली. मंडळाचं म्हणणं होतं की गणपती बिनगाण्याचे बसले तर बरं दिसत नाही. गल्लीचं म्हणणं पडलं की फार बरं दिसतं, आणि गल्लीनं ती बॅटरी स्वतः उचलून बैलगाडीत ठेवली.

तोवर मी परवानगी काढायला गेलो. पुरात नावा घालायला बंदी होती आणि त्यासाठी एक तात्पुरता कक्ष उघडला होता. तिथं एक तात्पुरते साहेब बसले होते. त्यांना मी मावशीचं सांगितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी पंखा माझ्याकडं फिरवला.

"पलीकडं म्हणजे चंद्रपूर जिल्हा," ते म्हणाले. "आपला जिल्हा नवा. आपली हद्द नदीच्या मधापर्यंत. तितली परवानगी मी देतो."

"आणि पुढची?"

"पुढची चांद्याहून, म्हंजे चंद्रपूरहून आना."

"साहेब, चांद्याला जायचा रस्ता बंद आहे."

साहेबांनी विचार केला. प्रामाणिकपणे केला, तो मला दिसत होता. मग म्हणाले, "मंग नावेनं जा."

अशी अर्ध्या नदीची परवानगी खिशात घालून मी घाटावर परतलो. बाबांनी ती वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "नसल्यापेक्षा बरी." त्यांनी सबंध नोकरी याच तत्त्वावर केली होती.

पंप बसवायला दुपार गेली. पहिल्यांदा बटण दाबलं तर पंप जोरात टकटकला आणि टाकीतून बुडबुडे येऊ लागले. बाबा खूष झाले; त्यांना वाटलं, सुरू झालं. श्रावण म्हणाला, उलटा बसला, पेट्रोल वढायच्या ऐवजी हवा फुकून राह्यला. सुलटा केला. मग तो टकटकेचना. तेव्हा शेजारच्या गुणाबाई, ज्या केवळ उत्सुकतेपोटी एवढं अंतर चालत घाटावर आल्या होत्या, म्हणाल्या, "मेली म्हैस बी एक रट्टा दिला तं उठते." श्रावणनं पान्यानं पंपाला एक हलका रट्टा दिला. पंप चालू झाला. यावरून गुणाबाईंचा यंत्रशास्त्रावर जो अधिकार बसला तो आजतागायत उठलेला नाही.

श्रावणनं आम्हाला पंपाची भाषा समजावून सांगितली. "जल्दी जल्दी टकटक केली तं समजा हवा घेऊन राह्यला. हळूहळू केली तं सगळं बेस. अन् चूप बसला तं दोन मतलब. एक, पोट भरलं. दोन, गळा दाबला."

"मग कोणता मतलब ते कसं कळायचं?" मी विचारलं.

"इंजिन बंद पडलं का कळते," श्रावण म्हणाला.

आई नावेच्या कडेला बसून हे ऐकत होती. ती म्हणाली, "मानसाचं बी तसंच हाये." कुणी लक्ष दिलं नाही.

हळू टकटक सुरू झाली, इंजिन लागलं, आणि गुणाबाईंनी लगेच आरतीचं ताट काढलं. इथं बाबा पुढं झाले. बाबा नास्तिक नव्हते, पण सरकारी नोकर होते. त्यांनी हात आडवा केला. "पेट्रोलजवळ दिवा नाही, उदबत्ती नाही, कापूर नाही. ज्याला पूजा करायची त्यानं इस्तवाशिवाय करावी."

नव्या वस्तूला पूजेवाचून पाण्यात घालायचं हे आईला पटलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. संध्याकाळी पाणी फार चढलं म्हणून निघणं सकाळवर गेलं. आम्ही पुरुष पेट्रोलचा डबा आणायला गावात गेलो, आणि आई म्हणाली, "मी बसतो नावेपाशी."

सकाळी निघायचं म्हणून आम्ही नावेत बसलो. इंजिन लागलं. नाव काठावरून हलायच्या आत पंप चूप झाला आणि इंजिन बंद पडलं. श्रावणनं खोललं, फुंकलं, लावलं. चालू झालं. थोड्या वेळानं पुन्हा चूप.

त्या दिवशी घाटावर विज्ञानाची जेवढी प्रगती झाली तेवढी चामोर्शीच्या इतिहासात झाली नसेल. लटारू गुरुजी आले. निवृत्त झाल्यापासून त्यांना वर्ग मिळत नव्हता, तो मिळाला. त्यांनी सांगितलं की टाकीचं झाकण सैल करा, आत हवा कोंडली आहे. सैल केलं, इंजिन चालू झालं. गुरुजींनी सभोवार पाहिलं. मग ते बंद पडलं. गुणाबाईंनी रट्टा मारला, चालू झालं. पुन्हा बंद पडलं. श्रावणनं बॅटरीच्या तारा उलटसुलट घासल्या, चालू झालं. मीही एक नळी नुसती हलवली, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी हलवलेली वस्तू चालू झाली. वारलू लांब उभा होता, त्यानं बिडी विझवली. तेवढ्यात इंजिन लागलं. त्यानंतर तो प्रत्येक वेळी बिडी पेटवून विझवू लागला.

खरी गोष्ट अशी होती की कुणी काहीही केलं तरी ते चालू होत होतं, आणि कुणी काहीही केलं तरी ते बंद पडत होतं. पण हे समजायला प्रत्येकाला आपला उपाय सोडावा लागला असता, आणि यशस्वी उपाय कोण सोडतो? दुपारपर्यंत घाटावर दोन तट पडले. झाकणवाले आणि रट्टेवाले. जेवणं आपापल्या तटात झाली.

आई नावेतच बसून होती. मांडीवर लिंबाच्या लोणच्याची बरणी. आजारात तोंडाला चव येते म्हणून घेतलेली. मावशीच्या ओटीचं सामान तिनं घेतलं नव्हतं. गुणाबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाली, "आधी ती भरन, मंग मी." मग पलीकडच्या काठाकडं बघत म्हणाली, "होते का नाई आज?"

"होते, होते," बाबा म्हणाले. "तांत्रिक अडचण आहे."

त्या दिवशी झालं नाही. संध्याकाळी पलीकडून हाक आली, पण वारा उलटा होता आणि वारलूला नुसता आवाज कळला, शब्द कळले नाहीत. तसं त्यानं सांगितलं. आई म्हणाली, "बलावत असन."

दुसऱ्या दिवशी उजाडताच सगळे उपाय बरोबर घेऊन निघालो. म्हणजे श्रावण पान्यासकट, वारलू वल्ह्यासकट आणि बिडीसकट, बाबा, आई आणि परवानगीसकट मी. गुरुजी काठावर राहिले. त्यांनी झाकण किती सैल ठेवायचं ते तिथूनच हातानं दाखवलं.

नाव चालली. खरंच चालली. पंप हळू टकटकत होता, मातकट पाणी दोन्ही बाजूंनी फाटत होतं, वाहून आलेल्या पळसाच्या फांद्या बाजूनं जात होत्या. बाबा सुकाणू धरून असे बसले होते की जणू त्यांची नोकरी बोटीवरच झाली असावी. पलीकडचं गाव, चिंचटोला, दिसू लागलं. चिंचा दिसू लागल्या. आई लोणच्याची बरणी घट्ट धरून पुढं सरकली.

बरोबर नदीच्या मध्यावर पंप चूप झाला.

मी खिशातल्या कागदाला हात लावला. आमचं इंजिन कायदा पाळणारं निघालं.

मग सगळे उपाय क्रमानं झाले. रट्टा झाला, झाकण झालं, तारा झाल्या, नळी झाली. इंजिन लागे आणि श्वास घेऊन बंद पडे. वारलूची बिडी पाण्यात पडली, तो उपाय कायमचा संपला. किल्ली फिरवून फिरवून बॅटरी बसली आणि शेवटी इंजिन घरघरलंसुद्धा नाही. जीपला हँडल मारता येतं हे मलाही माहीत होतं, पण हँडल घालायच्या भोकासमोर नावेची फळी ठोकलेली होती. ज्यानं ठोकली त्यानं विचार करूनच ठोकली असणार. नाव दक्षिणेकडं वाहू लागली. वारलू वल्हं मारून तिला पलीकडच्या काठाकडं ढकलत राहिला, आणि मोटार असताना वल्हं कशाला, हे बाबांनी पुन्हा विचारलं नाही.

श्रावण पंपाला हात लावून म्हणाला, "गरम हाये. याचा गळा दाबून राह्यलं कोनीतरी." त्यानं टाकीची नळी सोडली, माझं बनियन मागितलं, आणि टाकी डब्यात उपसून ते पेट्रोल बनियनमधून गाळलं.

बनियनमध्ये हळद लावलेले तांदूळ निघाले. चांगल्या पाच मुठी. मग एक सुपारी. मग हळकुंड.

कुणी काही विचारायच्या आधी आई म्हणाली, "ओटी हाये ते."

"कोणाची?" बाबांनी विचारलं.

"नावेची. बाईच्या जातीची हाये ते. पहिल्यानं पान्यात चालली. रिकाम्या ओटीनं कशी धाडू?" मग थोडं थांबून, "इस्तो नाई लावला मी. तुमीच सांगतलं होतं."

यात चूक कुठं होती ते मला आजही दाखवता येणार नाही. इस्तवाशिवाय पूजा करा असं बाबाच म्हणाले होते. नावेला पदर नसतो, झाकण असलेली एकच जागा होती. तांदूळ तळाशी बसले. पंपानं ओढ घेतली की दाणे नळीच्या तोंडाशी जमत आणि गळा दाबत. पंप थांबला की गळून पडत. म्हणून थांबणं हाच उपाय होता. झाकण, रट्टा, बिडी, सगळं उगीच.

श्रावणनं ते समजावलं आणि मग त्याला कळलं की समजावायला नको होतं. कारण आईनं विचारलं, "म्हंजे काल ते याच्यानंच गेली नाई?"

श्रावण पंप पुसू लागला. वारलू वल्हं मारत राहिला. बाबा सुकाणू धरून होते, जरी त्याचा आता उपयोग नव्हता. ते म्हणाले, "इंजिनच जुनं आहे. मी घेतलं तेव्हाच खराब होतं. लिलावातला माल." आपल्या नावेला बाबांनी खराब म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

आईनं बनियनमधले तांदूळ ओंजळीत घेतले आणि पदरात बांधले. फेकून दे, असं तिला कुणी म्हटलं नाही.

चिंचटोल्याचा घाट आमच्या समोरून निघून गेला. गावाच्या दक्षिणेला, जिथं नदी जराशी वळते, तिथं वारलूनं नाव काठाला लावली. प्रत्येक गावाचं मसन दक्षिणेला असतं आणि आमची नदीही दक्षिणेला वाहते. पूर्वजांनी आमच्यासारख्यांची सोय पाहूनच गावं वसवली असावीत. काठावर माणसं उभी होती. सरण रचलेलं होतं. माणसांच्या पुढं भैयाजी मावसा उभे होते, उघडे, खांद्यावर ओला पंचा.

आई नावेतच उभी राहिली. बरणी खाली पडली, फुटली नाही, घरंगळत माझ्या पायाशी आली.

"पहाटे गेली," मावसा म्हणाले. त्यांना आमचं आश्चर्य वाटलं नाही. "काल दिवसभर वाट पाह्यली. संध्याकाळी हाक बी मारली. आज म्हटलं पान्याचं काई खरं नाई, आता नेऊ. माहेरची ओटी राह्यली फकत."

आई उतरू लागली तेव्हा दोन म्हातारे पुढं आले. एक म्हणाला, "बाई मसनात येत नाई." हे खरं होतं, आमच्याकडं बाया घरूनच निरोप देतात. दुसरा म्हणाला, "गावातून येत नाई. हे तं नदीतून आली." पहिल्यानं विचार केला. नदीतून आलेल्यांबद्दल कुणी काही सांगून ठेवलेलं नव्हतं. तात्पुरत्या साहेबांनाही असाच प्रश्न पडला असता. शेवटी तो बाजूला सरला आणि म्हणाला, "लवकर करा बाई. लाकडं आधीच वली हायेत."

आईनं पदर सोडला. हळदीचे ते तांदूळ, सुपारी, हळकुंड, सगळं मावशीच्या ओटीत घातलं. पेट्रोलचा वास सगळ्या घाटावर सुटला. कुणी नाकाला हात लावला नाही.

ओटी भरली की जिची भरली ती त्यातले चार दाणे परत देते. भरणारीचं घर रिकामं होऊ नये म्हणून. आई वाकून तशीच थांबली, पदर पुढं धरून. सवय. आई पदर मागं घेईना. मग मावसा पुढं झाले, मावशीच्या ओटीतले चार दाणे त्यांनी बोटांनी उचलले आणि आईच्या पदरात टाकले.

"घे," ते म्हणाले. "तिच्या मनात होतं ते लग्नापासून. म्हनायची, कमळीची राह्यली, पन कोन बोलन आधी."

आईनं पदराला गाठ मारली.

मग अग्नी दिला. लाकडं भिजलेली होती, पुरामुळं गावात रॉकेलही नव्हतं, आणि सगळ्यांनी मनाची तयारी केली होती की हे काम संध्याकाळपर्यंत चालणार. मावसांनी टेंभा लावला आणि सरण एकदम भडकलं. इतकं, की माणसं दोन पावलं मागं सरली आणि एका म्हाताऱ्याच्या मिशीचं टोक गेलं. बाबांनी माझ्याकडं बघितलं. पेट्रोलजवळ इस्तो नको हे त्यांचं म्हणणं अखेर सिद्ध झालं होतं, पण त्यांनी त्याचा उल्लेख केला नाही.

मावसा जाळाकडं बघत म्हणाले, "तशीच होती. लगीच पेटायची."

आई हसली. मोठ्यानं, मसनात. मग रडली. नदीतून आलेल्या बाईला कुणी काही म्हटलं नाही.

परत येताना गावातल्या ट्रॅक्टरची बॅटरी लावून इंजिन सुरू केलं. टाकी स्वच्छ होती. नाव एकदाही अडली नाही, मध्यावरसुद्धा नाही, जरी त्या बाजूनं यायची परवानगी आमच्याकडं मुळीच नव्हती. पंप हळू टकटकत होता. श्रावण दोनदा म्हणाला, "बेस चालते," आणि दोन्ही वेळा त्याला ते म्हटल्याचं वाईट वाटलं. बाबा म्हणाले, "आता कधीही पलीकडं जाता येईल." आई म्हणाली, "आता कोन हाये पलीकडं?" त्यानंतर घाट येईपर्यंत फक्त पंपच बोलला.

घरी आल्यावर आई आंघोळ करून आली. लुगडं बदललं, पण गाठ सोडून ते चार दाणे तिनं नव्या पदरात बांधले. मग चुलीकडं निघाली. पेट्रोलचा वास तिच्या पुढं चालत होता.

"श्रीहरीची माय," बाबा म्हणाले, "त्या पदरानं चुलीजवळ जाऊ नको."

"मंग सयपाक?"

बाबांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. त्या दिवशी भात बाबांनी केला. तांदूळ कुठं ठेवलेले असतात हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा विचारावं लागलं, आणि आईनं दारात बसून, चुलीपासून लांब, गाठ मुठीत धरून, ते सांगितलं.